नेम बरोबर असूनही मारा पुन्हा पुन्हा भरकटतो : नेमबाजी आणि तिरंदाजीतील एका हट्टी दोषाचे निवारण

छंद म्हणून एअर रायफल, एअर पिस्तूल किंवा रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य हाती घेणाऱ्या बहुतेकांना काही महिन्यांत एकाच प्रकारची अडचण येते. साईट, म्हणजे नेम धरण्याचे उपकरण, लावून घेतली की सुरुवातीचे शॉट मध्यात बसतात, थोड्या वेळाने ते एका बाजूला सरकू लागतात, पुन्हा साईट हलवली की तात्पुरता फरक पडतो आणि पुढच्या सरावात मारा नेमका उलट बाजूला जाऊ लागतो. पेलेट (छर्रे), बाण, ग्रिप (मूठ), टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचे आवरण) असे सर्व काही बदलून पाहिले तरी दोष परत येतो, आणि ज्या छंदातून मन शांत व्हायचे, त्यातून केवळ चिडचिड हाती लागते. हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. मात्र त्यासाठी साईटला हात लावण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे लागते. माझ्या मते वारंवार परतणाऱ्या अशा दोषाचे मूळ बहुतेक वेळा साधनात नसून शॉट सुटण्याच्या अखेरच्या क्षणात असते, आणि म्हणून पुढे त्या क्षणाविषयी सर्वाधिक लिहिले आहे.

यातील डाव्या-उजव्या दिशा उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी त्या उलट समजाव्यात.

आधी ग्रुप पाहावा, मध्य नंतर

एका शॉटवरून साईट हलवणे ही या दोषाला खतपाणी घालणारी सर्वांत मोठी सवय आहे. नेमबाजाने नव्या लक्ष्यकार्डावर पाच शॉटचे किमान दोन ग्रुप (एकापाठोपाठ मारलेल्या शॉटचे पुंजके) आणि तिरंदाजाने सहा बाणांच्या किमान तीन फेऱ्या साईटला अजिबात हात न लावता माराव्यात, आणि प्रत्येक ठिकाण कागदावर नोंदवावे. त्यानंतर पहिला प्रश्न असा विचारावा की, शॉट एकत्र आहेत की विखुरलेले? एकत्र असून मध्यापासून दूर असतील, तर साईट चुकीची लागली आहे किंवा एखादी सवय प्रत्येक वेळी अगदी सारखीच घडत आहे. विखुरलेले असतील, तर साईट कितीही हलवली तरी उपयोग होणार नाही, कारण हलवायला निश्चित असे केंद्रच उपलब्ध नाही.

ग्रुपचा आकारही बरेच सांगतो. उभा, लांबट ग्रुप तिरंदाजीत बहुधा कमी-अधिक ओढलेल्या ताणामुळे किंवा अँकरची, म्हणजे दोरी ओढलेला हात चेहऱ्याला टेकतो ती जागा वरखाली झाल्यामुळे पडतो, तर रायफलमध्ये तो श्वासाची लय बिघडल्याचे लक्षण असू शकतो. आडवा पसरलेला ग्रुप ग्रिप पिळली जाणे, शस्त्र किंवा धनुष्य तिरपे होणे अथवा ट्रिगर बाजूला ढकलला जाणे, यांकडे बोट दाखवतो. दोन वेगळे पुंजके दिसत असतील, तर शरीर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी शॉट पूर्ण करत आहे, असे समजावे. उदाहरणार्थ, कधी दोरी हनुवटीला चिकटलेली असते आणि कधी नसते. तिरंदाजाने बाणांवर क्रमांक घालणे आवश्यक आहे. एकाच क्रमांकाचा बाण सतत वेगळा पडत असेल, तर दोष त्या बाणात आहे, आणि तेवढ्यासाठी स्वतःची पद्धत बदलणे चुकीचे ठरेल.

याला जोडून एक सवय लावून घ्यावी. शॉट सुटताच, निकाल पाहण्यापूर्वी, तो कोठे गेला असावा हे मनाशी स्पष्ट सांगावे आणि मग कार्ड किंवा दुर्बीण पाहावी. अंदाज आणि निकाल जुळत असतील, तर नजर शाबूत आहे आणि दोष धरण्यातील स्थिरतेचा आहे. मात्र मन ठामपणे दहा म्हणत असताना शॉट सातमध्ये पडत असेल, तर शॉट सुटण्याच्या क्षणी असे काहीतरी घडत आहे जे डोळ्यांना दिसतच नाही. या दोन प्रकारांचे उपाय पूर्णपणे भिन्न आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच अनेकांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया जाते.

लहानशी चूक एवढी मोठी का दिसते

पिस्तूल थरथरते म्हणून मारा बिघडतो, असा बहुतेक नवख्यांचा समज असतो आणि ते हात स्थिर करण्याच्या मागे लागतात. गणित वेगळेच सांगते. एअर पिस्तूलच्या मागच्या व पुढच्या साईटमधील अंतर ३३ सेंटिमीटर धरले, तर १० मीटरवरील लक्ष्य त्याच्या सुमारे ३० पट दूर आहे. म्हणजे पुढची साईट मागच्या खाचेत केवळ १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर पेलेट लक्ष्यावर ३० मिलिमीटर दूर पडते आणि दहाऐवजी सात गुण मिळतात. याउलट दोन्ही साईट एकमेकींशी जुळलेल्या ठेवून संपूर्ण हातच १० मिलिमीटर समांतर सरकला, तर पेलेटही तेवढेच १० मिलिमीटर सरकते आणि नऊ गुण पदरात पडतात. या कारणामुळे पिस्तूल नेमबाजीत नजर लक्ष्यावर नव्हे, तर पुढच्या साईटवर ठेवावी, असे सांगितले जाते. लक्ष्य किंचित धूसर दिसणे हेच योग्य आहे. हाताची हालचाल मान्य करून साईट जुळलेल्या ठेवणाऱ्याचा मारा हात दगडासारखा करण्याच्या प्रयत्नात असलेल्या माणसापेक्षा लवकर सुधारतो.

तिरंदाजीत हेच गणित अँकरला लागू होते. दोरीत अडकणाऱ्या नॉकपासून (बाणाच्या मागच्या खाचेपासून) बाणाच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण ७० सेंटिमीटर धरल्यास, नॉक डोळ्याच्या तुलनेत १ मिलिमीटर खाली गेल्याने १८ मीटरवर बाण सुमारे अडीच सेंटिमीटर वर पडतो, आणि ७० मीटरवर तोच फरक १० सेंटिमीटरचा होतो. ४० सेंटिमीटरच्या इनडोअर फेसवर (वर्तुळे छापलेल्या लक्ष्यकागदावर) रिकर्व्हचे दहाचे वर्तुळ ४ सेंटिमीटर व्यासाचे असल्याने एवढ्याने बाण त्याच्या बाहेर जाऊ शकतो. दात मिटलेले असणे आणि जबडा किंचित उघडा असणे, यांत सहज एवढा फरक पडतो. म्हणून ‘आज बाण विनाकारण वर जात आहेत’ असे वाटले की साईट हलवण्यापूर्वी दात मिटलेले आहेत ना, दोरी नाकाला व हनुवटीला रोजच्याच ठिकाणी टेकते ना आणि मान पुढे झुकत नाही ना, हे तपासावे.

साधनाची तपासणी : एकदाच, पण नीट

साधनाची तपासणी सुरुवातीलाच उरकावी, म्हणजे पुढे प्रत्येक चुकलेल्या शॉटचे खापर त्याच्यावर फोडण्याची सोय राहत नाही. एअर रायफलमध्ये स्टॉकचे (दस्त्याचे) आणि साईटचे स्क्रू सैल नाहीत याची खात्री करावी. स्प्रिंगवर चालणाऱ्या रायफलमध्ये पिस्टनच्या धक्क्याने हे स्क्रू वारंवार सैल होतात. शिवाय पेलेट नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच अशी रायफल हलू लागत असल्याने ती घट्ट आवळून धरली की प्रत्येक वेळी वेगळा मारा मिळतो. ती सैलसर आणि दर वेळी सारख्याच ठिकाणी टेकवून धरावी. पेलेटचा प्रकार बदलला की ग्रुपची जागा बदलणे स्वाभाविक आहे, म्हणून तपासणीच्या काळात एकाच डब्यातील पेलेट वापरावीत.

धनुष्याच्या बाबतीत दोरी आणि ग्रिप यांमधील अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, प्रत्येक सरावाआधी मोजावे. नवी दोरी ताणत जाते, ब्रेस हाइट कमी होत जाते आणि बाणाचे वागणे नकळत बदलते. त्यानंतर पिसे काढलेला बाण पिसांच्या बाणांबरोबर मारून पाहावा. पिसे नसलेला बाण खाली पडला तर दोरीवरील नॉकिंग पॉइंट (बाण अडकवण्याची जागा) जास्त वर आहे, आणि तो वर पडला तर नॉकिंग पॉइंट जास्त खाली आहे. असा बाण डावीकडे पडल्यास बाणाचा दांडा त्या धनुष्यासाठी कडक आहे, उजवीकडे पडल्यास तो लवचीक आहे. दांड्यावर लिहिलेला स्पाइन क्रमांक तो किती वाकतो हे दर्शवतो, आणि लहान क्रमांक म्हणजे कडक दांडा. धनुष्यावर लिहिलेला ताण बहुधा २८ इंच ओढीसाठी असतो व प्रत्येक इंचामागे साधारण दोन पौंडांचा फरक पडतो, हे लक्षात ठेवले नाही तर कागदावर योग्य दिसणारा बाण हातात अयोग्य ठरतो. मात्र एक इशारा येथे द्यायला हवा. दोरी सोडताना बोटे चेहऱ्यापासून बाहेर झटकली गेली तरीही बाण डावीकडे जातो, त्यामुळे सोडण्याची पद्धत सारखी होईपर्यंत पिसे नसलेल्या बाणाच्या डाव्या-उजव्या निकालावर विसंबून नवे बाण खरेदी करू नयेत.

डोळ्याचा प्रश्न त्वरित तपासता येतो. दोन्ही तळहात समोर लांबवून त्यांच्यामधील लहान फटीतून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच दिसत राहते, तो प्रबळ डोळा होय. तो दोरी ओढणाऱ्या किंवा ट्रिगर दाबणाऱ्या हाताच्या बाजूचा नसेल, तर त्या प्रबळ डोळ्यासमोर अपारदर्शक पट्टी लावून दुसऱ्या डोळ्याने नेम धरणे हा सोपा उपाय आहे. ज्याने नुकतीच सुरुवात केली आहे, त्याने हात बदलण्याचाही विचार करावा.

उभे राहण्याची जागा

नेम लक्ष्यावर असणे आणि स्नायूंच्या जोराने तो तेथे ओढून धरलेला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभे राहून शस्त्र किंवा धनुष्य नेमाच्या स्थितीत आणावे, डोळे मिटून दोन श्वास घ्यावेत, शरीर सैल होऊ द्यावे आणि मग डोळे उघडावेत. साईट लक्ष्याच्या बाजूला गेलेली दिसली, तर हात वळवू नयेत. पावले सरकवून संपूर्ण शरीर फिरवावे आणि पुन्हा तपासावे. नेहमीच्या अंतरावर धनुष्य घेऊन हे करताना पूर्ण ताण घेऊन डोळे मिटणे टाळावे आणि ही तपासणी बाण न लावता, थोडीच ओढ घेऊन आणि दोरी सावकाश परत आणून करावी. पहिले शॉट मध्यात आणि दमल्यावरचे शॉट एकाच बाजूला, असा अनुभव येत असेल तर कारण बहुधा येथेच असते, कारण थकलेले स्नायू शरीराला त्याच्या स्वाभाविक दिशेकडे परत जाऊ देतात.

अखेरचा क्षण

वरील सर्व काही व्यवस्थित असूनही मारा खाली आणि डावीकडे जात असेल, मनाचा अंदाज आणि निकाल जुळत नसतील, किंवा साईट मध्याला स्पर्श करताच हात आपोआप शॉट सोडून देत असेल, तर दोष घाईचा आहे. नेमबाजीत तो ट्रिगरला बसणाऱ्या झटक्याच्या किंवा शॉटच्या अपेक्षेने अंग आक्रसण्याच्या रूपात दिसतो. तिरंदाजीत त्याला टार्गेट पॅनिक म्हणतात, आणि त्याची लक्षणे परस्परविरोधी भासू शकतात : कोणाचा हात मध्यावर पोहोचण्याआधीच दोरी सोडतो, तर कोणाची साईट मध्याच्या खाली अडकून बसते आणि कितीही जोर लावला तरी वर जात नाही. दोन्हींचे मूळ एकच आहे. मध्य दिसणे आणि शॉट सुटणे या दोन घटना मनात इतक्या घट्ट जोडल्या गेलेल्या असतात की, एक घडली की दुसरी घडवण्यावाचून शरीराला राहवत नाही.

हा दोष इच्छाशक्तीने जात नाही, हे मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. ‘आता झटका द्यायचा नाही’ असे स्वतःला बजावल्याने लक्ष त्या झटक्यावरच केंद्रित होते आणि तो वाढतो. माणूस भित्रा आहे किंवा त्याच्यात कौशल्य नाही, असाही याचा अर्थ होत नाही. अनेक वर्षे उत्तम खेळलेल्यांनाही हा त्रास होतो. उपाय म्हणजे ती जोडणी सोडवणे, आणि त्यासाठी काही काळ लक्ष्यच नजरेआड करावे लागते.

नेमबाजाने कार्ड उलटे लावून त्याच्या कोऱ्या पांढऱ्या बाजूवर शॉट मारावेत. काळा गोल नसल्यामुळे ‘आत्ताच’ असा क्षणच उरत नाही, आणि पुढची साईट पाहत ट्रिगरवरील दाब सावकाश वाढवत नेणे शक्य होते. एअर पिस्तूलच्या स्पर्धा-नियमांनुसार ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा भार लागतो आणि पिस्तूलचे संपूर्ण वजन १५०० ग्रॅमपर्यंत असू शकते. म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या किमान एक तृतीयांश जोर एका बोटाने द्यायचा असतो, आणि तो सरळ मागे न जाता किंचित बाजूला गेला तरी साईट हलणारच. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर टेकवून, बाकीच्या बोटांची पकड जराही न बदलता, दाब सरळ मागे न्यावा. ज्या एअर शस्त्रांत ड्राय फायरची (पेलेट न भरता ट्रिगर दाबण्याची) सोय आहे, त्यांत शॉटविना हा सराव कोऱ्या भिंतीकडे तोंड करून करता येतो. शस्त्र रिकामे असल्याची खात्री प्रत्येक वेळी डोळ्यांनी करून घ्यावी आणि तरीही ते भरलेले असल्याप्रमाणेच हाताळावे. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये पेलेटशिवाय ट्रिगर दाबल्यास पिस्टन आणि सील यांना इजा होते, म्हणून त्यात ड्राय फायर करू नये.

तिरंदाजाने तीन ते पाच मीटरवर, फेस न लावलेल्या, बाण अडवणाऱ्या मोठ्या गादीसमोर उभे राहावे, आसपास व गादीमागे कोणी नाही हे पाहावे, बाण गादीच्या मध्याकडे रोखल्यावर डोळे मिटावेत आणि पाठीचे स्नायू आकसत जाताना दोरी आपोआप बोटांतून सुटते का, एवढेच अनुभवावे. गुण नाहीत, मध्य नाही, केवळ एक स्पर्श आणि एक हालचाल आहे. हे काही आठवडे करणे अनेकांना कंटाळवाणे वाटते. पण धनुष्याचा खरा आनंद, म्हणजे पाठीत भरत जाणारा ताण आणि सुटल्यावर मागे सरकणारा हात, इथेच सर्वांत स्पष्टपणे जाणवतो, आणि मला तरी हा सराव कधी शिक्षेसारखा वाटलेला नाही. त्यानंतर जवळच्या अंतरावर मोठा फेस लावावा आणि पूर्ण ताण घेऊन, मध्यावर नेम धरून, बाण न सोडता दोरी सावकाश परत आणावी. अशा दोन माघारींनंतर एक बाण सोडावा. मध्य दिसूनही न सोडणे शक्य आहे, हे शरीराला यातून कळते. लक्ष्याचे अंतर हळूहळूच वाढवावे. जुने लक्षण दिसताच एक पायरी मागे यावे. रिकामी दोरी मात्र कधीही सोडू नये, कारण बाणात जाणारी सगळी ऊर्जा लिंबमध्ये, म्हणजे धनुष्याच्या लवचीक भुजांमध्ये, परतते आणि ते तुटून इजा होऊ शकते.

माघार घेणे हा नेमबाजासाठीही तेवढाच मोलाचा उपाय आहे. दहा मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ६० शॉटसाठी ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे प्रत्येक शॉटला सव्वा मिनिट. नेम स्थिरावल्यानंतर आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, तर श्वास रोखल्याने व एकटक पाहिल्याने दृष्टी आणि स्थिरता दोन्ही ढासळू लागतात. तेव्हा शस्त्र खाली घेऊन नव्याने सुरुवात करण्यास भरपूर वेळ हाताशी असतो. तरीही बहुतेक जण तो बिघडलेला शॉट पूर्ण करतात, कारण खाली येणे म्हणजे हार मानणे, असे त्यांना वाटते.

शॉट सुटल्यानंतरचा क्षणही याच दोषाचा भाग आहे. पेलेट किंवा बाण कोठे गेला हे पाहण्यासाठी डोके उचलले किंवा धनुष्याचा हात खाली आला, तर ती हालचाल लवकरच शॉट सुटण्याच्या आधी सुरू होऊ लागते. एअर शस्त्रात साईटचे चित्र शॉटनंतरही दोन सेकंद पाहत राहावे, आणि तिरंदाजाने बाण गादीत रुतल्याचा आवाज येईपर्यंत हात व नजर जेथे आहेत तेथेच ठेवावीत.

ताणाचे ओझे

तिरंदाजाने एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा : हे धनुष्य मला झेपते का? पूर्ण ताण घेऊन, साईट फार न हलता, दहा ते पंधरा सेकंद धरता येत नसेल, तर घाई होणारच, कारण स्नायू हार मानण्याआधी सोडून देण्याची मनाला घाई असते. अशा वेळी वरचे सगळे सराव निष्फळ ठरतात. कमी पौंडांचे लिंब लावणे यात कमीपणा नाही. छंदासाठी अठरा ते चोवीस पौंडांवरही बाण सुरेख जातो, आणि प्रत्येक सत्राअखेर खांदा दुखत असल्यास ताण कमी करणे टाळूच नये.

साईट केव्हा आणि कोणत्या दिशेने हलवावी

दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी ग्रुप लहान आणि एकाच जागी पडू लागला, की मग साईटकडे वळावे. धनुष्याची साईट बाणांच्या मागे न्यायची असते : बाण डावीकडे पडत असतील तर पिन डावीकडे, खाली पडत असतील तर खाली. रायफल व पिस्तूलची मागची साईट मात्र जेथे शॉट हवा आहे त्या दिशेला न्यायची असते, म्हणजे शॉट डावीकडे पडत असल्यास उजवीकडे, खाली पडत असल्यास वर. दोन्ही खेळ खेळणाऱ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. एका वेळी एकच बदल करावा, तो तारखेसह वहीत लिहावा आणि नव्या ग्रुपने त्याची खात्री पटेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नये. त्याच पानावर साईटचे आकडे, ब्रेस हाइट, पेलेटचा प्रकार आणि त्या दिवशी डोळे मिटून किंवा कोऱ्या कार्डावर किती वेळ सराव केला, हेही नोंदवावे. पुढे दोष परतला, तर तो साईट हलल्यामुळे परतला की हा सराव सुटल्यामुळे, हे त्या नोंदीवरून त्याच दिवशी कळू शकते.